दात नसल्याचा उपास

माझे सगळे दात गेले तेव्हा मला नुकतंच सव्विसावं लागलं होतं. हे वाक्य लिहितानासुद्धा डावा हात तोंडाकडे गेला. इतकी वर्षं झाली, तरी सवय जात नाही.

माझं माहेर गिरगावातलं. लग्न होऊन मी परळला आले, गिरणीच्या मागच्या चाळीत. यजमान गिरणीच्या ऑफिसात कारकून, सासूबाई मालवणकडच्या. मुलीच्या वेळी दिवस गेले तेव्हापासून हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. बाळंतपणात असं होतंच, असं सगळ्या बायका म्हणाल्या, म्हणून मी तुरटीच्या गुळण्या करत राहिले. मुलगी रांगायला लागली तेव्हा दात हलायला लागले होते. एकदा पेरू खाताना पुढचा एक दात पेरूतच राहिला. मी तो पेरू तसाच फडक्यात गुंडाळून मोरीच्या कोपऱ्यात ठेवला.

दादरला ट्रामच्या थांब्याजवळ दाताचे एक डॉक्टर बसत. त्यांनी आरशाचा चमचा तोंडात फिरवला, हिरडी दाबली, पू आला तो मला दाखवला.

"पायोरिया आहे. एकेक काढत बसलात तर वर्षभर रडाल. सगळे काढून टाकू."

"सगळे?" यजमानांनी विचारलं.

"ठेवण्यासारखा एकही नाही."

चार-पाच खेपांत सगळे निघाले. शेवटच्या खेपेला आम्ही घोडागाडी करून घरी आलो, कारण मला ट्राममध्ये माणसांसमोर बसायचं नव्हतं. खोलीत शिरल्याबरोबर मी यजमानांना म्हटलं, "माझ्याकडे बघू नका." तोंडात कापसाचे बोळे होते, शब्द धड निघाले नसतील. पण त्यांना समजलं. त्यांनी मान वळवली आणि खुंटीवर कोट अडकवत राहिले.

हिरड्या सुकल्याशिवाय कवळी बसवता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते काही महिने मी पदराआड काढले. आरशात पाहिलं की माझी आजी दिसायची. ओठ आत गेलेले, हनुवटी वर आलेली, आणि डोळे मात्र माझे. मुलगी मांडीवर बसून माझ्या तोंडात बोटं घालायची, लहान मुलं घालतात तशी. एक दिवस तिची बोटं आत गेली, चाचपडली, आणि ती रडायला लागली. तिला काय कळलं असेल ते तिलाच ठाऊक. मी तिला सासूबाईंकडे दिलं.

सासूबाईंना माझं हे वागणं पटायचं नाही. त्यांचे स्वतःचे दात कधीच गेले होते आणि त्या बोळक्याने खुशाल सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोलंबी, चघळत. "तोंडार पदर कित्याक गो धरतंस? चोरी केलंस?" त्या म्हणायच्या. त्यांना कसं सांगणार? त्यांच्या वयाला ते तोंड शोभत होतं.

लालबागच्या बाजारात एकदा मासळीवाली मला म्हणाली, "आजी, बाजूला हो जरा, गिऱ्हाईक येऊ दे." माझं डोकं खाली होतं, पदर सरकला होता. मग तिची नजर माझ्या हातांवर गेली, कडेवरच्या मुलीवर गेली. "अगं बाई," ती म्हणाली, आणि तिने माझ्या पिशवीत मोजल्यावर वरून एक बोंबील टाकला. दयेचा बोंबील. मी तो घरी आणला नाही, वाटेतल्या मांजराला घातला.

धाकट्या भावाच्या लग्नाला मी गिरगावात गेले, पण दोन्ही दिवस स्वयंपाकघरात पोळ्या लाटत बसले. फोटो काढायला बोलावलं तेव्हा कणकच मळायची आहे म्हणाले. त्या फोटोत सगळं माहेर आहे, एक मी नाही.

हिरड्या सुकल्या तेव्हा डॉक्टरांनी तोंडात गार लगदा दाबून माप घेतलं. "दात दिसतील असा एखादा जुना फोटो आणा, त्यावरून बेतता येईल," ते म्हणाले. असा फोटो कुठला असायला? आमच्यात बायका फोटोत हसत नसत. लग्नाच्या फोटोत मी अशी बसले आहे की जणू कुणीतरी नुकतंच दटावलंय. तेव्हा यजमान मध्येच बोलले. "वरचे पुढचे दोन जरासे एकावर एक चढलेले होते. डावा उजव्यावर."

मी खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. माझ्या दातांकडे त्यांनी इतकं बारकाईने पाहिलं होतं, हे मला दात गेल्यावर कळलं. सुख वाटायला हवं होतं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे गेलं ते त्यांच्या लक्षात आहे, म्हणजे जे उरलंय तेही त्यांना दिसत असणार.

"तसे नाही मिळायचे," डॉक्टर म्हणाले. "सरळ मिळतील."

ते सरळच आले. अगदी एकसारखे, पांढरेशुभ्र, दुसऱ्या कुणाचे तरी. पहिल्या दिवशी वाटलं, तोंडात बशी घातली आहे. लाळ सुटायची, उमासे यायचे, आणि बोलायला गेलं की 'स'ची शीळ व्हायची. मी दाराला कडी लावून आरशासमोर 'ससा', 'शेंग', 'साखर' असे शब्द घोकायची. खालच्या पटांगणात तेव्हा रोज सभा असायची. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं कळल्यापासून सगळं परळ-लालबाग रस्त्यावर होतं. खालून घोषणा यायची, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" आणि मी वर आरशासमोर तीच हळू आवाजात म्हणून बघायची. माझ्या कवळीला यापेक्षा अवघड वाक्य सापडलं नसतं. 'संयुक्त'ला वारा सुटायचा आणि 'महाराष्ट्र'ला वरची पट्टी हिरडी सोडून खाली यायची.

डॉक्टरांनी बजावलं होतं, झोपताना कवळी काढून पाण्यात ठेवायची, हिरड्यांना विश्रांती हवी. मी एकही दिवस काढली नाही. एका खोलीत आम्ही चौघं निजायचो. पेल्यात पडलेले दात मुलीने बघावेत, यजमानांनी सकाळी उठल्याबरोबर बघावेत? धुवायची तीसुद्धा मोरीत पाठमोरी उभी राहून, नळ मोठा सोडून. हिरड्यांना फोड आले, फुटले, परत आले. मी काथ लावायची आणि कवळी परत बसवायची. मी यजमानांसमोर जेवत नसे, सगळ्यांचं झाल्यावर ताकभात कालवून घ्यायची. त्यांनी कधी विचारलं नाही. बोलताना ते माझ्या कपाळाकडे बघायचे, नाहीतर खिडकीकडे. मला वाटायचं, किळस येत असणार.

अशात आमच्या चाळीतल्या बायकांनी सत्याग्रहाला तुकडी पाठवायचं ठरवलं. पुढारीपण आपोआप समोरच्या खोलीतल्या काकूंकडे गेलं. त्या गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होत्या. यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे त्या कुजबुजल्या तरी तळमजल्याला ऐकू जायचं. त्या घरोघर फिरल्या, आमच्या दारातही आल्या. मी मान हलवून नाही म्हटलं. मुलगी लहान आहे, असं कारण दिलं. तेव्हा आतून सासूबाई म्हणाल्या, "चेडवाक मी सांभाळतंय. घरातलां एक माणूस तरी जावक व्हया. माझे पाय चलनत नाय, नायतर मीच गेलंय असतंय." आणि माझ्याकडे वळून, "तू जा."

यजमान म्हणाले, "जायचं असेल तर जा. इथलं मी बघतो." तेव्हाही ते खिडकीकडेच बघत होते.

आम्ही फोर्टात बंदीहुकूम मोडायला गेलो. पंचवीस-तीस बायका, हातात झेंडे, नऊवारी खोचलेल्या. काकू पुढून घोषणा द्यायच्या आणि मागून सगळ्या उचलायच्या. मी फक्त ओठ हलवत होते. आवाज काढला असता तर कवळी निसटली असती. माझ्या शेजारची बाई घसा फुटेस्तोवर ओरडत होती आणि माझ्याकडे बघून मान डोलवत होती, जणू आम्ही दोघी मिळूनच ओरडतोय. मला तिच्या डोळ्याला डोळा देववेना.

पोलिसांनी गाडीत घातलं. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं. आठवड्याभराची साधी कैद झाली. काकूंनी तिथेच घोषणा दिली, मी तिथेही ओठच हलवले.

तुरुंगाची बराक लांबट होती, उंचावर गजांच्या खिडक्या. दुसऱ्या भागांतल्या बायकाही तिथे होत्या. त्यांत दादरची एक तरुण बाई होती, कॉलेजात शिकलेली, बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ. बराकीतले नियम, झाडलोटीच्या पाळ्या, अधिकाऱ्यांशी बोलणं, सगळं तिने हातात घेतलं होतं. आणखी एक शिवडीकडची बाई तान्ह्या बाळाला घेऊन आली होती. घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून पोराला छातीशी बांधून तिने सत्याग्रह केला होता.

माझ्या हिरड्या पोलीस चौकीतच सुजल्या होत्या. एवढ्या बायकांत कवळी काढून धुवायची सोय नव्हती, आणि सोय असती तरी मी काढली नसती. पहिल्या जेवणाला जाड भाकरी आली, कडांना वाळलेली, आणि लाल तिखट डाळ. भाकरीचा तुकडा तोडून तोंडात ठेवला आणि डोळ्यांतून पाणी आलं. चावणं शक्यच नव्हतं. डाळीचा घोट घेतला तर फोडांवर निखारा ठेवल्यासारखं झालं. मी भाकरी शेजारणीच्या ताटात सरकवली.

"तुम्हाला नको?"

मी मान हलवली. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा तेच. पाणी पीत होते आणि भिंतीला टेकून बसत होते.

मग माझ्या कानावर आलं. दोघी-तिघी माझ्याकडे बघून हळू बोलत होत्या. "अन्न सोडलंय त्यांनी." "बोलतसुद्धा नाहीत. मौन असेल." "बघा ना, कुणाला न सांगता." एक बाई उठून आली, माझ्या पायाला हात लावून गेली. ती माझ्यापेक्षा वयाने मोठी असेल.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. तोंड उघडण्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं, हे एक. आणि दुसरं सांगायचं तर, कितीतरी दिवसांनी लोक माझ्या चेहऱ्याकडे आदराने बघत होते. मासळीवालीने पाहिलं तसं नाही, मान वळवून नाही. ते मला क्षणभर बरं वाटलं. पोटात भुकेने पीळ पडत होता आणि मला बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादरची ती बाई बराकीच्या मध्यभागी उभी राहिली. "आपल्यातल्या एका भगिनीने गाजावाजा न करता अन्नत्याग केला आहे," तिने सुरुवात केली. "आपण मात्र मुकाट्याने हे निकृष्ट अन्न गिळतो आहोत. आपण गुन्हेगार नाही, सत्याग्रही आहोत. जोपर्यंत आपल्याला तशी वागणूक मिळत नाही, तोपर्यंत आजपासून कुणीही जेवायचं नाही. कबूल?"

"कबूल!" बराक घुमली. काकूंचा आवाज सगळ्यांत मोठा.

दुपारी भाकऱ्यांची पाटी आली आणि तशीच दाराशी पडून राहिली. सगळ्या भिंतीला टेकून बसल्या. कुणी ओव्या म्हणत होतं. शिवडीची बाई माझ्या समोरच बसली होती. बाळ अंगावर पीत होतं, सोडत होतं, रडत होतं, परत धरत होतं. तिने एकदा पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि जरा हसली. तुमच्यासारखंच मीही करणार, असं ते हसणं होतं.

बाळाचं रडणं चढत गेलं. मी उठले. चक्कर आली, भिंत धरली.

"माझा उपास नाही," मी म्हणाले.

सुजलेल्या तोंडातून आणि सैल कवळीतून काय आवाज निघाला असेल कोण जाणे. कुणाला कळलं नाही. दादरची बाई पुढे आली. "बोलू नका, ताकद राखा."

"उपास नाही हो माझा!"

"काय म्हणताहेत?"

आणखी दोनदा सांगून पाहिलं. सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या, त्याच भक्तीने. तेव्हा मी तोंडात बोटं घातली. वरची पट्टी काढली, मग खालची. दोन्ही तळहातावर घेतल्या आणि हात पुढे केला. पट्टीला रक्त लागलं होतं.

"चावता येत नाही," मी म्हणाले. आता शब्द बोळक्यातून येत होते, पण ते सगळ्यांना कळले. "म्हणून जेवत नव्हते. दुसरं काही नाही. तुम्ही जेवा. तिला आधी जेवू द्या."

माझ्या नवऱ्याला मी जे कधी दाखवलं नव्हतं, ते चाळीसेक बायकांसमोर उघडं करून उभी होते. धरणी दुभंगावी असं पुस्तकांत लिहितात, मला तसंही वाटलं नाही. मला पदर हवा होता. पण एका हातात दात होते आणि दुसऱ्या हाताने भिंत धरलेली होती.

कोपऱ्यातली एक पोरगेली बाई फिसकन हसली. मग तिच्या शेजारची. मग हसू पसरत गेलं. शिवडीची बाई हसली, तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि बाळ छातीवर हिंदकळत होतं. काकू तर मांडीवर थापा मारून हसत होत्या. मी मधोमध उभी.

दादरची बाई हसली नाही. तिचे कान लाल झाले होते. "हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

ते सांगता आलं असतं तर आधीच सांगितलं असतं.

काकू उठल्या. पाटीतून भाकऱ्या उचलल्या आणि वाटायला लागल्या. "चला गो बायांनो. हा दात नसल्याचा उपास होता. आता दात असलेल्यांनी जेवा!" परत हशा झाला. मग त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या, एक भाकरी बारीक कुस्करली, पाण्यात भिजवून तिचा लगदा केला, आणि वाटी माझ्या हातात दिली. "गीळ. आणि रडायचं असेल तर नंतर रड."

मी उघड्या तोंडाने सगळ्यांसमोर जेवले. घास गिळताना ओठ कसे हलतात, गाल कसे आत जातात, सगळं मला ठाऊक होतं. मी भिंतीकडे तोंड केलं. काकूंनी मला परत वळवलं नाही.

दादरच्या बाईबद्दल एक सांगायला हवं. ती माझ्याशी त्या दिवशी परत बोलली नाही, पण संध्याकाळी तिने तुरुंगाच्या अधिकाऱ्याला गाठून माझ्यासाठी आणि बाळाच्या आईसाठी पेज मंजूर करून घेतली. रोज पेज आली की ती स्वतः आणून ठेवायची. ठेवायची आणि जायची.

कवळी मी धुऊन पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. हिरड्या बऱ्या झाल्या की घरी जायच्या आधी बसवू, असा विचार होता. पण मध्येच एकदा झडती झाली. पहारेकरणीला ती जड गाठ दिसली. "काय लपवलंय?" मी सांगेपर्यंत तिने गाठ सोडली, आत दात बघून किंचाळली आणि पदर सोडून दिला. फरशीवर पडून खालच्या पट्टीचे दोन तुकडे झाले. बिचारी पुढचे सगळे दिवस माझ्यासमोरून जाताना मान खाली घालत होती.

सुटायच्या दिवशी दारात गर्दी होती. झेंडे, हार, गुलाल. आमच्या चाळीची माणसं ट्रक घेऊन आली होती. यजमान मुलीला खांद्यावर घेऊन एका बाजूला उभे होते. मी डोळ्यांपर्यंत पदर ओढून ट्रकमध्ये चढले. वाटभर घोषणा चालल्या. या वेळी मी ओठही हलवले नाहीत.

चाळीत सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. लोकांनी दोन शब्द बोलायचा आग्रह केला. काकू मध्ये पडल्या आणि माझ्यातर्फे त्याच बोलल्या. बराकीतली गोष्ट त्यांनी त्या वेळी लोकांसमोर सांगितली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. नंतर मात्र ती बाहेर पडलीच. तसली गोष्ट पोटात ठेवणं त्यांच्याने झालं नसतं. महिन्याभरात शेजारच्या चाळींतही मला 'उपासवाली' हे नाव पडलं. पोरं हसायची. मी नळावर जायच्या वेळा बदलल्या.

पण सुटून आले त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. माणसं पांगली, सासूबाई मुलीला घेऊन गॅलरीत गेल्या. मी यजमानांकडे पाठ करून म्हटलं, "कवळी मोडली."

"कळलं. ट्रकमध्ये घोषणा चालल्या होत्या तेव्हा काकूंनी कानाशी येऊन सांगितलं."

"सगळं?"

"सगळं."

ते खिडकीकडे बघत असणार, हे मला पाठमोरीलाही ठाऊक होतं. आठवडाभर जे साठलं होतं ते बाहेर आलं. "बाहेरच्या बायकांनी माझं तोंड पाहिलं. हसल्या, पण पाहिलं तरी. तुम्हाला इतकी किळस येते का, की एकदाही बघवत नाही?"

मागे खिडकी लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "किळस? तूच म्हणाली होतीस, बघू नका."

मी वळले.

"घोडागाडीतून आणलं त्या दिवशी," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला तेच हवंय. म्हणून बघत नव्हतो. सोपं नव्हतं ते. एका खोलीत राहायचं आणि..." आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सरळ. मी हात वर नेला. त्यांनी तो अडवला नाही, पण नजरही काढली नाही. कितीतरी वेळ मी हात तसाच धरून होते. मग हात दुखायला लागला.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, तिथे माझी लाज संपली. तसं झालं नाही. हिरड्या भरेपर्यंत पुन्हा काही आठवडे बिनदातांचे काढले, तेही बरेचसे पदराआडच. डॉक्टरांनी हिरड्या पाहून मला चांगलंच झापलं. "रात्रंदिवस बूट घालून झोपाल का?" त्यांनी नवं माप घेतलं. दुसरी कवळी पहिलीपेक्षा बरी बसली. फरक एवढाच पडला की मी ती झोपताना काढायला लागले. दिवा मालवल्यावर. पेला ताटाने झाकून. यजमानांना सकाळी माझ्याआधी जाग यायची, पण ताट कधी हललेलं दिसलं नाही.

पुढे महाराष्ट्र झाला. चाळीत साखर वाटली, पताका लागल्या. मी हसले असेन, त्या दिवसाचे फोटो कुणी काढले नाहीत.

त्यानंतरची एक हकिगत सांगते. एका दुपारी काकू आमच्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं. हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. पोलिसांच्या काठ्या खाल्लेली, गिरणीत जॉबरला, म्हणजे मुकादमाला, आडवं घेणारी बाई, आणि आवाज असा, की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"माझे पन सगळे हलतायत गो. तुझा डॉक्टर कुठे बसतो?"

मी त्यांच्याबरोबर दादरला गेले. खुर्चीत बसताना त्यांनी माझं मनगट धरलं ते पुढचे दात निघेपर्यंत सोडलं नाही. त्यांच्या नखांचे वण दोन दिवस राहिले. खाली रस्त्यावर आलो तेव्हा ऊन होतं, फुटपाथवर माणसांची वर्दळ होती. काकूंनी पदर पुढे ओढला आणि तोंडावर घट्ट धरला, अगदी माझ्यासारखा. त्यांच्या हसण्याने मी कधी काळी किती मेले होते, ते मला आठवलं. तरी 'काकू, पदर सोडा, त्यात काय लाजायचं' असं माझ्या तोंडून निघालं नाही. मी फक्त त्यांच्या डाव्या बाजूला गेले, माणसं जिकडून येत होती त्या बाजूला, आणि आम्ही हळूहळू ट्रामकडे चालत राहिलो.